दगडापासूनची उंची

३ मार्च, सोमवार

त्यांना कच्च्या वह्या हव्या आहेत!

पक्क्या नकोत म्हणे. पक्क्या मी स्वतः काढून ठेवल्या होत्या — बावीस वर्षांच्या बावीस, निळं कव्हर, शाईचं अक्षर, एक खाडाखोड दाखवून द्यावी कोणी. मोठ्या टेबलावर वर्षवार रचल्या होत्या. समुद्रापलीकडच्या जोडशहराहून आलेल्या उंच बाईंनी पहिली वही उघडली, दोन पानं बघितली, मिटली. काहीतरी बोलल्या. दुभाष्या म्हणजे बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेला गृहस्थ, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतो. तो म्हणाला, "बाई म्हणतात, अक्षर फार सुंदर आहे. आता जिच्यावर चिखल आहे ती वही दाखवा."

सगळे हसले. मीही हसलो.

"शोधाव्या लागतील," म्हणालो.

खोटं. शोधायचंय काय? घरी पलंगाखाली, पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. डावीकडून उजवीकडे, वर्षवार.

४ मार्च, मंगळवार. सकाळी पावणेसहा.

इथं कोणी वाचणार नाही, तेव्हा सरळ लिहितो.

मी पालिकेचा मोजणीदार. पालिकेच्या अंगणात, पंपघराच्या भिंतीला लागून, एक काळा दगड पुरलेला आहे. डोक्यावर पितळी टोपी. या शहरातली प्रत्येक उंची त्या दगडापासून मोजतात. तिथून निघायचं. दुर्बीण लावायची, समोर पट्टी उभी धरायची, आकडा वाचायचा, पुढं सरकायचं. पुलाच्या कठड्यात, इस्पितळाच्या पायरीत, शाळांच्या जोत्यात अशा चौसष्ट पितळी खुणा आहेत. सगळ्यांना शिवून परत दगडाशी. अठरा किलोमीटर. वर्षाला एक फेरी. गेल्या वर्षापेक्षा कुठली खूण वर किंवा खाली सरकली का, एवढंच लिहायचं.

लागलो तेव्हा मी पट्टी धरणारा होतो. दुर्बिणीला हात लावायची परवानगी नव्हती. थोरल्या मास्तरांकडून एक जाडजूड पुस्तक मागून आणलं, परक्या भाषेतलं, आणि शब्दकोश मांडीवर घेऊन आठ महिन्यांत पार केलं. आज माझी फेरी दगडाशी परत येते तेव्हा चूक निघते तीन मिलिमीटर. अठरा किलोमीटर चालून तीन! पदवीवाल्यांची बारा-तेरा निघते, वर पुन्हा ते उन्हाला शिव्या देतात.

थोरले मास्तर निवृत्त होताना एक नियम देऊन गेले. "वर्षाला पंधरा मिलिमीटरपर्यंतचा फरक हा फरक नव्हे. ती हवा, ते ऊन, तो माणसाचा हात. पक्क्या वहीत 'फरक नाही' लिहायचं."

लिहिलं. बावीस वर्षं, चौसष्ट खुणा. एक हजार चारशे आठ वेळा 'फरक नाही'.

कच्च्या वह्यांत पेन्सिलीनं जसा दिसला तसा आकडा आहे. आणि तो 'फरक नाही' असा नाही.

५ मार्च, बुधवार

ट्रंक पलंगाखाली आहे. मी पलंगावर. बस्स.

७ मार्च, शुक्रवार

आज बाईंना शहर फिरवलं. मी, दुभाष्या, आणि पट्टी धरायला दांडू — साडेसहा फूट उंच आणि हातात कायम पट्टी, म्हणून दांडू. पंधरा वर्षं माझ्याबरोबर आहे. जिभेला हाड नाही, पण पट्टी धरली की देवळाचा खांब.

दगडाशी सुरुवात केली. मी रोज सकाळी टोपीवर तळहात ठेवतो, तसा ठेवला. बाईंनी विचारलं, "हे काय?"

दांडूनं तोंड घातलंच. "मास्तर हजेरी देतात. साहेबांना नमस्कार नाही, पण दगडाला!"

बाई हसल्या. त्यांनीही टोपीवर हात ठेवला. मग पंपघराच्या भिंतीवर ठेवला. आत पाण्याचे चार पंप सतत चालू असतात, भिंत थरथरते. बराच वेळ हात तसाच. मग म्हणाल्या, "आणि या दगडाची उंची कोण तपासतं?"

मला हसू आलं. "दगडावरून सगळं तपासतात. दगडाला कोण तपासणार?"

दुभाष्यानं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. वहीत दोन शब्द लिहिले.

तिथून बंधाऱ्यावर गेलो. दोन शहरांचा करार आहे तो याच जागेसाठी. बंधाऱ्यामागच्या सखल जमिनीवर चाळीस इमारतींची वसाहत. मध्ये पावसाचं पाणी पिऊन घेणाऱ्या बागा, छपरांवर सूर्याच्या पाट्या, रस्त्यांखाली तळी. ज्ञान त्यांचं, जमीन आमची. फलकावर लिहिलंय, 'उद्याचं शहर, आजपासून'. तीन इमारती नमुन्यादाखल उभ्या आहेत, बाकी सदतीस अठ्ठावीस तारखेला सह्या झाल्यावर. बंधाऱ्याची उंची मीच मोजून दिलेली. समुद्राला आजवर आलेलं सर्वांत मोठं उधाण, त्याच्यावर वीस सेंटीमीटर राखीव. बरोबर वीस. साडेएकोणीस नाही.

बाई म्हणाल्या त्यांचं शहरही असंच, समुद्राच्या पोटाशी. "आमच्याकडे मोजणीदाराची कच्ची वही नष्ट करणं हा गुन्हा आहे."

दुभाष्यानं हे अगदी सहज सांगितलं, जणू त्यांच्याकडे थंडी फार असते असं सांगतोय. दुर्बिणीत बघितलं तर पट्टीवरचा आकडा हलत होता. पट्टी हलत नव्हती. मी हलत होतो.

"मास्तर, तब्येत बरी ना?" दांडू लांबून ओरडला.

"तू पट्टीकडे बघ!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

८ मार्च, शनिवार

मुलगी आली होती. जावई कामावर, नातीला घेऊन आली. तिला बंधाऱ्यामागच्या त्या तीन इमारतींपैकी पहिलीत घर लागलंय. तळमजला. सोडतीत मुद्दाम मागून घेतला, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. वीस तारखेपर्यंत किल्ली घ्यायची, नाहीतर घर पुढच्या नंबरला.

"बाबा, लोक म्हणतात तिथली जमीन भुसभुशीत आहे. तुम्ही तर दर वर्षी मोजता. काय करू?"

"लोकांना काय, बोलायला तोंड आहे."

"मी लोकांचं नाही विचारत. तुमचं विचारते."

बघून सांगतो म्हणालो. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. तिला माझ्या आवाजातला मिलिमीटर कळतो.

१० मार्च, सोमवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. चहा मागवला — दगडासारखा साहेब, चहा मागवतो म्हणजे काय ते समजावं.

"मास्तर, त्या कच्च्या वह्या. कुठं असतील हो?"

"असतील."

"तुमच्या त्या जुन्या खोलीला वाळवी लागली होती ना मागं?"

"कपाटाला लागली होती. वह्यांना नाही."

"वाळवी आहे ती, मास्तर! तिला कपाट आणि वही यातला फरक कळतो का? लागली म्हणायचं. वाळवीला कोणी जाब विचारत नाही." मग आवाज खाली आणला. "अठ्ठावीसला सह्या. तुमच्या पक्क्या वह्या सरकारदरबारी मान्य आहेत. झाकली मूठ झाकलेलीच बरी. उगाच कशाला... तुमचं शिक्षण वगैरे निघेल."

शिक्षण वगैरे. बावीस वर्षांत पहिल्यांदा बोलून दाखवलं. मी चहा अर्धा ठेवून उठलो.

भीती नक्की कशाची, ते इथं लिहून टाकतो. वह्या दिल्या तर निघेल की या माणसानं दिसलेला आकडा बावीस वर्षं लिहिला नाही. अडाणी होता, त्याला काय कळणार, असं म्हणतील. नाही दिल्या तर — हे पुढचं वाक्य आज लिहवत नाही.

११ मार्च, मंगळवार

रजा टाकली. ट्रंक ओढली.

वर्षाला पाच मिलिमीटर, सहा मिलिमीटर — प्रत्येक वर्षाचा आकडा मला आठवत होता. केली नव्हती ती एकच गोष्ट. बेरीज.

पानं जमिनीवर मांडली. खूण सतरा, इस्पितळाची पायरी. पाच खाली, सहा खाली, पाच, पाच, चार, सहा... बावीस वर्षांचे झाले एकशे चौदा. अकरा सेंटीमीटर! इस्पितळ अकरा सेंटीमीटर खाली गेलं आणि मी बावीस वेळा सुंदर अक्षरात लिहिलं, 'फरक नाही'. त्या पायरीवर दर पावसात पाणी चढतं, रुग्णांच्या खाटा उचलून ठेवतात. आरोग्यखातं गटारांना शिव्या देतं, गटारवाले पावसाला. मी तिथं उभा राहून ऐकलंय. मान हलवलीय!

बाजाराची इमारत नऊ सेंटीमीटर. जुनी शाळा सात. धान्याचं गोदाम आठ.

पाणी प्यायलो. मग मुलीचं घर. एकेचाळीस ते सेहेचाळीस या सहा खुणा वसाहतीच्या जागेतल्या, इमारतींच्या कितीतरी आधीपासूनच्या. एक-एक वर्ष बोटानं वाचलं. शून्य. एक वर. शून्य. एक खाली. शून्य. बेरीज — शून्य. खूण बेचाळीस तर आता तिच्या इमारतीच्या जोत्याशीच, तीही शून्य. दुसऱ्यांदा केली. शून्य.

जमिनीवर बसूनच रडलो. बायको आली. पसरलेली पानं ओलांडत ओलांडत आली आणि म्हणाली, "कोण गेलं?"

"कोणी नाही. सगळे आहेत."

"मग रडता कशाला? नाक पुसा. पेन्सिलीचं आहे, ओलं झालं तर जाईल."

शेवटी टोकाच्या टेकडीकडच्या सात खुणा, अठ्ठावन्न ते चौसष्ट. त्या उलट्या. दर वर्षी बारा-तेरा-चौदा मिलिमीटर वर! जमीन काय फुग्यासारखी फुगते? चढावर पट्टी झुकते, दांडू दमलेला असतो, त्याचा दोष. त्या सोडून दिल्या.

१२ मार्च, बुधवार

बायकोला सगळं सांगितलं. तिनं भांडी घासता घासता ऐकलं. शेवटी म्हणाली, "तुम्ही मला लग्नात सांगितलं होतं, मला खोटं चालत नाही. मी घाबरले होते. म्हटलं अशा माणसाबरोबर कसं निभायचं."

"मग?"

"मग काय. निभलं. अजून दोन-चार वर्षं निभवा."

१४ मार्च, शुक्रवार

दिल्या.

ट्रंक मी एका बाजूनं आणि दांडूनं दुसऱ्या बाजूनं धरून जिना चढवली. साहेब व्हरांड्यात उभे होते. दांडू मोठ्यानं म्हणाला, "जपून हो साहेब, वाळवी आहे!" हा प्राणी कुठून काय ऐकतो कोण जाणे.

बाईंनी संध्याकाळपर्यंत वाचल्या. पाच वाजता मला समोर बसवलं. दुभाष्यानं घसा खाकरला. दोनदा खाकरला, तेव्हाच समजलो.

"बाई विचारतात, तुमची फेरी परत दगडाशी येते तेव्हा चूक किती?"

"तीन मिलिमीटर." एवढ्यातही मान ताठ झाली माझी!

"बाई म्हणतात, इतकं चोख काम त्यांनी त्यांच्या देशातही फार थोड्यांचं पाहिलंय." थांबला. "त्या विचारतात — तुमची चूक तीन. इस्पितळाचा फरक पाच. मग ते पाच मिलिमीटर कोणाचे होते असं तुम्हाला वाटलं?"

उत्तर सरळ होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला! माझी फेरी बरोबर होती, हे मी दर वर्षी सिद्ध करत होतो. तरी शहर चुकतंय यापेक्षा मी चुकतोय हे मानणं मला सोपं गेलं. कारण नियम पदवीवाल्या माणसाचा होता. बाहेर छाती काढून चालायचं, आणि आतून...

"माझे," म्हणालो. "मला वाटलं माझे."

दुभाष्यानं भाषांतर करायला फार वेळ घेतला. बाईंनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली, मग लक्षात येऊन पुन्हा घेतली. त्यांचेही डोळे ओले होते की काय. नसतील. ऊन समोर होतं.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ मार्च, रविवार

मुलगी, जावई, नात, मुलीच्या सासूबाई — सगळे आले. सासूबाईंनी सरळच विचारलं. "व्याहीबुवा, तुम्ही मोजणारे. तुम्ही हो म्हणालात तर हो. मी काही परत परत सामान हलवायची नाही."

मी कागद दाखवला. सहा खुणा, बावीस वर्षं, बेरीज शून्य. "इस्पितळ खचलं, बाजार खचला. शहरात एकच जागा जागची हलली नाही, ती तुमची. शब्द देतो."

जावई म्हणाला, "बाबांनी शब्द दिला म्हणजे शिक्का."

मुलीनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जेवलो नीट.

२० मार्च, गुरुवार

लागलं घर मुलीचं. मी अर्धा दिवस रजा टाकून गेलो. कपाट दांडूनं एकट्यानं उचललं आणि सासूबाईंनी त्याला तीन वेगवेगळ्या भिंतींशी ठेवायला लावलं.

माझ्या खिशात पोलादी छर्रा असतो, सायकलच्या चाकातला, आठ मिलिमीटरचा. पुढच्या खोलीत मधोमध फरशीवर ठेवला. सगळे वाकून बघत होते. हलला नाही. केसभर नाही.

"बघा!" म्हणालो.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या जुन्या घरात टाकला असता तर थेट शेजाऱ्यांकडे पोचला असता."

नातीला सांगितलं, हा इथंच ठेवायचा, कोणी लाथ मारायची नाही. हलला तर आजोबांना लगेच सांगायचं. तिनं खडूनं भोवती गोल काढला. रात्रीच तिचा फोन आला, "आजोबा, नाही हलला!" आता रोज करणार म्हणे.

२२ मार्च, शनिवार

बाईंनी सुट्टीच्या दिवशी बोलावलं. भिंतीवर शहराचा नकाशा, माझे आकडे रंगात. इस्पितळ, बाजार लाल. वसाहत पांढरी. आणि टेकडीकडच्या सात खुणा निळ्या.

"ह्या सात वर का जातात?"

"ती चूक. चढावर पट्टी झुकते. दांडू..."

"ओ मास्तर!" दांडू दाराशी होता. "पंधरा वर्षांत माझी पट्टी झुकलीय का कधी? देवाशपथ सांगा."

नाही झुकली. खरं सांगायचं तर एकदाही नाही.

बाईंनी विचारलं टेकडीखाली काय आहे. खडक. दगडाखाली, पालिकेच्या अंगणात? गाळ. माती. शेजारी पंपघर, चार विहिरी, रात्रंदिवस उपसा. वसाहतीत पाणी कुठून? पाच नव्या विहिरी. पण त्याआधी तिथं बर्फाचा कारखाना होता, त्याचाही उपसा होताच, पस्तीस वर्षं.

बाईंनी सगळ्या विहिरी नकाशावर टिंबांनी मांडल्या. मग म्हणाल्या, थोरल्या मास्तरांनी या दगडाची उंची कशापासून मोजली होती? म्हटलं, निवृत्तीआधी शेवटचं काम तेच. चौसष्टाव्या खुणेपासून चार किलोमीटर पुढं जुन्या खाणीत उघडा खडक आहे, तिथं त्यांनी फुली कोरली होती. दगड आणि खडक यांच्यातला फरक वहीत आहे.

"मग आपण चालत जाऊ," बाई म्हणाल्या.

मला समजलं नाही. समजलं नाही असं लिहितो खरं. घरी येताना पाय जमिनीवर नीट टेकत नव्हते.

२३ मार्च, रविवार

नातीचा फोन. नाही हलला.

२४ मार्च, सोमवार

दगडापासून निघालो. रोज साडेतीन किलोमीटर, जाऊन-येऊन. बाई माझ्या दुर्बिणीत, मी त्यांच्या. आकडे एकमेकांना दाखवायचे नाहीत असं ठरलं. संध्याकाळी दोन वह्या दोन लिफाफ्यांत.

आज टोपीवर हात ठेवला नाही. ठेववला नाही.

२६ मार्च, बुधवार

दांडू आज सकाळपासून बोलला नाही. दुपारी पट्टी धरून उभा असताना एकदाच म्हणाला, "मास्तर, मी एकदा नावेत झोपलो होतो. उठलो तेव्हा किनारा चालत होता."

"मग?"

"मग काही नाही. नाव चालत होती."

मी त्याच्यावर ओरडलो. का ओरडलो? त्यानं पट्टी झुकवली नव्हती.

२८ मार्च, शुक्रवार

सह्या झाल्या नाहीत. सभागृहात दोन्ही शहरांची निशाणं, फुलं, पेनं मांडलेली. बाईंनी त्यांच्या महापौरांशी फोनवर वीस मिनिटं बोलून दोन दिवस मागून घेतले. साहेब माझ्याजवळून गेले, थांबले. वाटलं आता फाडून खाणार. पण हळूच म्हणाले, "मास्तर, माझी आई इस्पितळाच्या मागच्या गल्लीत राहते." आणि गेले.

मला त्यांचा राग परत हवा आहे. साहेब घाबरला की घाबरायला आपण कोणाकडे बघायचं?

दुपारी खाणीत पोचलो. थोरल्या मास्तरांची फुली शेवाळाखाली होती, दांडूनं नखानं साफ केली. शेवटचा आकडा वाचला.

२९ मार्च, शनिवार

दिवसभर आकडेमोड. तीनदा. तिन्ही वेळा एकच. चुकलं असेल. उन्हानं पट्टी लांबते, ती दुरुस्ती राहिली असेल. नाही राहिली. बाईंचा लिफाफा उद्या सकाळी उघडायचा आहे. देवा, माझी चूक निघू दे! एकदाच. मोठी. पदवी नाही ना माझ्याकडे? मग निघू दे.

३० मार्च, रविवार

लिफाफा उघडला. बाईंचा आणि माझा आकडा जुळला, फरक फक्त दीड मिलिमीटरचा.

दगड खाली गेला आहे. दोनशे अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर.

टेकडी वर आली नव्हती. ती जागची हलली नव्हती. आणि ज्या खुणांपुढं मी शून्य लिहिलं, त्या दगडाबरोबर गेल्या, तेवढ्याच, मुकाट. बेचाळिसावीही. बंधारा मी त्याच दगडापासून मोजून दिला. तो उधाणाच्या वीस सेंटीमीटर वर नाही. नऊ खाली आहे.

मुलीला फोन लावला. नातीनं उचलला. मी तोंड उघडायच्या आत ओरडली, "आजोबा, नाही हलला!"